चार कोटी अंकांची मूळ संख्या : बातम्यांत काय चुकलं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरच्या सगळ्या विक्रमांहून मोठी मूळ संख्या जाहीर झाली : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. शोधली ल्यूक ड्युरंट यांनी, 'गिम्प्स' या प्रकल्पातून. त्यावरच्या बऱ्याच बातम्या आणि व्हिडिओ दोनच गोष्टी सांगतात : संख्या केवढी प्रचंड आहे, आणि अशा संख्यांमुळे ऑनलाइन व्यवहार सुरक्षित होतात. पहिली गोष्ट खरी, पण त्यात गणित फारसं नाही. दुसरी चुकीची आहे, आणि नेमकी तीच सिनॉप्सिसमध्ये 'संशोधनाचे महत्त्व' या मथळ्याखाली उतरवली जाते.

आधी सुरक्षिततेचं बघू. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीसाठी साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या लागतात, आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. जी संख्या जगजाहीर आहे, ती इथे काय कामाची?

मग महत्त्व कशात? संख्येच्या रूपात. २ च्या घातातून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही. घातांक ११ घ्या : २०४७ = २३ × ८९. या संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या. हे घातांकापेक्षा २ ने कमी वेळा करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ साठी (घातांक ५) : ४, १४, ८, ०. झालं! एकही भाजक शोधावा लागला नाही. खास रूप नसलेली एवढीच मोठी संख्या मूळ आहे हे सिद्ध करणं आज आवाक्याबाहेर आहे.

बातम्यांनी गाळलेला भाग पुढचा. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या जीपीयूने फक्त 'बहुधा मूळ' असं कळवलं. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोमधल्या जीपीयूवर लुकास-लेमर कसोटीने ते पक्कं झालं. मग वेगळे प्रोग्रॅम, वेगळं हार्डवेअर वापरून पुन्हा पडताळणी, आणि २१ तारखेला घोषणा. 'बहुधा' आणि 'सिद्ध' यांतलं हे अंतर संशोधन करू पाहणाऱ्याने नीट बघावं.

'५२ वी मर्सेन मूळ संख्या' हेही अर्धवट वाक्य आहे. 'ज्ञात' हा शब्द हवाच. घोषणेवेळी तिच्याहून लहान सगळे घातांक दोनदा तपासून झालेले नव्हते, त्यामुळे मधे एखादी निसटलेली असू शकते. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न तर या विक्रमानंतरही जिथल्या तिथेच आहे.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये हा विक्रम लिहायचाच असेल, तर कसोटी लिहा, पडताळणी लिहा, उरलेला प्रश्न लिहा. बँकेचे व्यवहार तेवढे वगळा.