रॅम्प आहे, पण चढता येतो का?

शाळेची वार्षिक माहिती ‘यूडायस’च्या प्रपत्रात भरताना मुख्याध्यापकांपुढे एक प्रश्न येतो : दिव्यांग मुलांसाठी रॅम्प आहे काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. मग कठड्याबद्दलचा प्रश्न, त्याचेही उत्तर तसेच. रॅम्पला चढ किती, हे मात्र कोणी विचारत नाही. आमची तक्रार येथूनच सुरू होते.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही एका माध्यमिक शाळेत गेलो होतो. व्हरांड्याला तीन पायऱ्या आणि शेजारी नुकताच रंगवलेला रॅम्प. आठवीतली एक मुलगी चाकांच्या खुर्चीतून आली. दोन मैत्रिणींनी मागून जोर लावला, तिसरीने पुढून खुर्ची उलटू नये म्हणून गुडघ्याजवळ दाबून धरली. उतरताना खुर्ची उलटी वळवून, पाठीकडून खाली आणली. मुलींना त्याची इतकी सवय झाली होती, की आम्ही का पाहतो आहोत हेच त्यांना कळेना. आम्ही फूटपट्टी मागवली.

पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची ४५ सेंटिमीटर. रॅम्पची आडवी लांबी १५० सेंटिमीटर. चढाचा कोन सुमारे १७ अंश. आता हे उदाहरण वर्गात फळ्यावर घेण्याजोगे आहे. मुलगी ४० किलोग्रॅम, खुर्ची २० किलोग्रॅम, असे ६० किलोग्रॅम वस्तुमान धरू. घर्षण बाजूला ठेवले, तर उतरणीवरून ते वर नेण्यास लागणारे बल म्हणजे वजन गुणिले कोनाची साइन. येथे ते सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतके येते. हाच रॅम्प एकास बारा या प्रमाणात, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब बांधला असता, तर बल ५ किलोग्रॅमवर आले असते. कार्य दोन्हीकडे सारखेच, कारण उंची तीच. लांबी वाढली की बल कमी होते, हे आपण ‘साधी यंत्रे’ या पाठात दरवर्षी शिकवतो, आणि त्याच वर्गाच्या दारात त्याच्या उलट बांधकाम उभे असते.

बलापेक्षाही मोठा धोका तोलाचा. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसापासून थोडाच पुढे असतो. खुर्ची मागे कलली, की गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा मागच्या चाकांच्या टेकूकडे सरकते. ती टेकूपलीकडे गेली, की खुर्ची उलटते. तिसरी मैत्रीण पुढून दाबून धरत होती, ते यासाठी.

एकास बारा हे प्रमाण काही आज सुचलेले नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेल्या कामातून १९६१ साली इमारतींच्या सुगमतेचे पहिले अमेरिकी मानक तयार झाले. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आपल्याकडच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. मुलांच्या हातांत मोठ्यांइतका जोर नसतो, तेव्हा जागा असेल तर एकास पंधरा किंवा वीस अधिक बरे. प्रत्यक्षात मात्र गवंड्याला ‘मोकळी जागा आहे तेवढ्यात बसव’ असे सांगितले जाते, आणि तो बसवतो. त्याचा दोष नाही.

कायद्याची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९९५ च्या कायद्यात रॅम्पचा उल्लेख होता, पण संस्थेच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या कायद्याने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितले, की सुगमतेसंबंधीचा नियम १५ कायद्याशी विसंगत आहे. कायदा सक्ती सांगतो आणि नियम बोट दाखवतो ते केवळ मार्गदर्शक तत्त्वांकडे. न्यायालयाने किमान सक्तीचे निकष वेगळे काढण्यास सांगितले. ‘आहे/नाही’ या रकान्यातून असा निकष कसा तपासणार, हा आमचा प्रश्न आहे.

तपासणे अवघड मुळीच नाही. एक मीटरची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक रॅम्पवर टेकवा, दुसरे उताराच्या दिशेने हवेत धरा आणि पाणसळीने पट्टी आडवी करा. पाणसळ नसेल तर अर्धी भरलेली पारदर्शक बाटली पट्टीवर आडवी ठेवूनही काम भागते. हवेतल्या टोकापासून रॅम्पपर्यंतचे उभे अंतर मोजा. ८.३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरले, तर रॅम्प नापास. नववीची मुले हे दहा मिनिटांत करतील.

रॅम्पच्या माथ्यावरही नजर टाकावी. तेथे दीड मीटर चौरस सपाट जागा हवी, कारण दार ओढण्यासाठी एक हात चाकावरून काढावा लागतो आणि त्या क्षणी खुर्ची मागे घरंगळू नये. आम्ही पाहिलेल्या रॅम्पचा माथा थेट उंबरठ्याला भिडला होता.

बागांची स्थिती याहून विचित्र. गुरे आणि दुचाक्या येऊ नयेत म्हणून अनेक उद्यानांच्या तोंडाशी फिरते किंवा नागमोडी फाटक असते. गुरांचे माहीत नाही, खुर्ची मात्र हमखास अडते. आत शोभेसाठी बारीक खडी पसरलेली. खुर्चीची पुढची चाके लहान असतात. ती खडीत रुततात, आणि तेवढ्याच उंचीचा खडा ओलांडायला मोठ्या चाकापेक्षा लहान चाकाला जास्त जोर लागतो. तुळस, गवती चहा, ओवा लावून ‘स्पर्श-गंध उद्यान’ करायचे आणि तिथवरची वाट खडीची ठेवायची, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. त्यापेक्षा शाळेच्या परसबागेत मांडीच्या उंचीचा एक वाफा करावा, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवावी आणि वाट घट्ट धुम्मस केलेली असावी. मग खुर्चीतली मुलगीही खुरपे धरू शकते. नाहीतर तिच्याकडे हजेरी लिहिण्याचे काम येते, तसे या शाळेत आले होते.

निघताना त्या मुलीला आम्ही विचारले, आणखी काय अडते. ती म्हणाली, “सर, मी शाळेत पाणीच पीत नाही.” स्वच्छतागृहाच्या दाराशी एकच पायरी आहे, १२ सेंटिमीटरची. एकास बारा धरले तर तिला १ मीटर ४४ सेंटिमीटरचा उतार लागेल. दारासमोर गटारापर्यंत जागा आहे ९० सेंटिमीटर. बाजूच्या भिंतीला समांतर उतार काढला तर तो बसतो, पण त्यासाठी पाण्याची टाकी दोन मीटर सरकवावी लागेल. आकृती काढून आम्ही ती मुख्याध्यापकांकडे दिली आहे.