ट्रकची काच, पातळ धातू आणि राहून गेलेला हात : ‘टर्मिनेटर २’कडून टीका शिकताना

जेम्स कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ (१९९१) बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्यातल्या चुकांच्या याद्याही बऱ्याच फिरतात. या याद्या वाचताना मला नेहमी पीएचडीच्या पहिल्या वर्षातला लिटरेचर रिव्ह्यू आठवतो. तिथेही असंच असतं: सॅम्पल लहान, टेबलमध्ये चूक, लेखकाने अमुक मुद्दा घेतलाच नाही. सगळं एकाच सुरात, एकाखाली एक. गाइड विचारतात, “बरं, मग यातून तुझा प्रश्न कुठे निघतो?” आणि उत्तर नसतं. कारण दोष मोजलेले असतात, तोललेले नसतात. म्हणून आज या एका चित्रपटातले चार दोष घेऊ आणि तोलून पाहू.

१. काच

कालव्यातला पाठलाग आठवा. टी-१००० चालवत असलेला ट्रक पुलावरून खाली आदळतो आणि पुढच्या काचा निखळून पडतात. पुढच्या शॉट्समध्ये काच परत जागेवर! याला कंटिन्युइटीची चूक म्हणतात. शॉट वेगवेगळ्या वेळी, उलटसुलट क्रमाने घेतले जातात, नंतर ते सलग जोडले जातात, त्यातून असं होतं.

आता स्वतःला विचारा: काच फुटलेली असती किंवा नसती, तर कथेत पुढे काय बदललं असतं? काहीच नाही. म्हणूनच २०१७ च्या थ्रीडी आवृत्तीत ही चूक संगणकावर दुरुस्त करता आली आणि एकही प्रसंग बदलावा लागला नाही. पेपरमधली आकडेवारीची टायपो अशीच असते. ती शुद्धिपत्रात सुधारते, निष्कर्ष जागेवर राहतो. रिव्ह्यूमध्ये तिच्यावर परिच्छेद खर्च करू नका.

२. साराचा निर्णय

सारा कॉनर एकटीच डायसनला मारायला निघते. “किती मूर्खपणा, हा प्लॉटहोल आहे,” असं म्हणणारे भेटतात. नाही हो. पात्राने चुकीचा निर्णय घेणं म्हणजे कथेत भोक पडणं नव्हे. उलट चित्रपट त्या निर्णयाचं काहीतरी करतो: यंत्राला घाबरणारी बाई स्वतःच यंत्रासारखी माणूस मारायला निघते आणि शेवटच्या क्षणी तिचा हात थांबतो. “मी असतो तर वेगळं केलं असतं” ही टीका नाही, आवड आहे. “लेखकाने मुलाखतींऐवजी सर्व्हे करायला हवा होता” हे वाक्यही बऱ्याचदा याच जातीचं असतं.

३. पातळ धातू कालप्रवास कसा करतो?

इथे खरी मजा आहे. पहिल्या चित्रपटात (१९८४) कायल रीस सांगतो की कालयंत्रातून फक्त सजीव गोष्टच जाऊ शकते. म्हणून माणूस नागडा येतो, शस्त्र आणता येत नाही. टी-८०० येऊ शकतो, कारण त्याच्या धातूवर जिवंत मांस आहे. मग संपूर्ण द्रव धातूचा टी-१००० आला कसा?

लगेच “सापडली चूक!” म्हणू नका. आधी चित्रपटाच्या बाजूने जितका भक्कम बचाव करता येईल तितका करा. पहिला बचाव: कायल सैनिक आहे, त्याने ते यंत्र बनवलेलं नाही, हे तो स्वतःच सांगतो. म्हणजे नियम आपल्याला ऐकीव माहितीतून मिळालाय. छान मुद्दा आहे, पण टिकत नाही. दोन्ही चित्रपटांत भविष्यातून येणारा प्रत्येक जण नागडा आणि निःशस्त्र येतो, अगदी टी-१०००सुद्धा. नियम खोटा असता तर स्कायनेटने सोबत बंदूक का नाही पाठवली? म्हणजे पुरावा कायलच्या बाजूने आहे.

दुसरा बचाव चाहत्यांचा: त्याला मांसाच्या पिशवीत गुंडाळून पाठवलं असेल. तिसरा: तो स्पर्श केलेल्या वस्तूची नक्कल करतो, तसा सजीव पेशींचीही करत असेल. दोन्हींत तिसरा बरा, कारण तो चित्रपटात आधीच असलेल्या गुणधर्मावर उभा आहे. पण तो मान्य केला, तर याच धातूत गुंडाळून स्कायनेट हवं ते शस्त्र पाठवू शकेल! एक भोक बुजवताना दुसरं पडलं. इम्रे लाकातोश सिद्धान्ताच्या गाभ्याभोवतीच्या साहाय्यक गृहीतकांच्या ‘संरक्षक पट्ट्या’बद्दल बोलतो, ते नेमकं इथे उपयोगी पडतं. नवं गृहीतक फक्त जुनी अडचण झाकतं की आणखी काही समजावतं, हे पाहायचं.

निकाल: ही खरी विसंगती आहे. आधीच्या पेपरमधलं गृहीतक पुढच्या पेपरने मोडलं आणि मोडल्याचं सांगितलं नाही.

४. राहून गेलेला हात

चित्रपटाचा अर्धा खटाटोप कशासाठी? १९८४ च्या यंत्राचा उरलेला हात आणि तुटकी चिप नष्ट करण्यासाठी, कारण सायबरडाइनचं संशोधन त्यावरच उभं आहे. शेवटी दोन्ही वितळत्या पोलादात जातात, मग टी-८०० स्वतःही उतरतो. पण त्याच कारखान्यात थोड्या वेळापूर्वी त्याचा हात मोठ्या दातेरी चाकात अडकून तुटलाय, तो तिथेच राहिला!

बचाव: खऱ्या कल्पना चिपमधून मिळाल्या, नुसत्या हातातून स्कायनेट घडत नाही. ठीक. पण मग जुना हात पोलादात का टाकला? पात्रांनाच तो धोकादायक वाटतो. म्हणजे चित्रपट स्वतःच्याच निकषावर उणा पडतो.

तरी यामुळे काय कोसळतं, ते नेमकं सांगा. “सगळे अवशेष नष्ट झाले” हा दावा कोसळतो. “भविष्य आधीच ठरलेलं नसतं” हा मुख्य विचार कोसळत नाही, कारण शेवटच्या निवेदनात साराही खात्री देत नाही, आशाच व्यक्त करते. दाव्याचा कोणता भाग पडला आणि कोणता उभा राहिला, हे वेगळं करता आलं की तिथूनच तुमचा रिसर्च गॅप निघतो. चौघांपैकी फक्त शेवटच्या दोन दोषांतून पुढचा प्रश्न तयार होतो, हे लक्षात घ्या.

करून पाहा

तुमच्या विषयातला एक पेपर घ्या. सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे तीन उत्तरं लिहा: हा दोष लेखकाच्या स्वतःच्या नियमाविरुद्ध आहे की माझ्या आवडीविरुद्ध? त्याच्या बाजूने सर्वांत भक्कम बचाव कोणता? बचाव फसला, तर नेमका कोणता निष्कर्ष पडतो? तिसऱ्या प्रश्नाला “कोणताच नाही” असं उत्तर आलं, तर ती ट्रकची काच आहे. तळटीपेत टाका आणि पुढे चला.