व्यवसाय-पदविका आणि विद्यापीठाचा उंबरठा : एका मूल्यमापनभाषेचे परीक्षण

पदविकेच्या मार्गाने विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याविषयीची चर्चा बहुधा गुणांच्या समकक्षतेपाशी येऊन थांबते. अमुक पदविका अमुक परीक्षेच्या तोडीची मानावी की नाही, एवढाच वाद असतो. परंतु समकक्षता आकड्यांत ठरते, आणि विद्यापीठातील कसोटी मात्र लेखनात लागते. म्हणून पदविका विद्यार्थ्यास कोणत्या प्रकारचे लेखन करावयास शिकविते, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. ब्रिटनमधील ‘बीटेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायविषयक पदविकेच्या आधारे त्याचा येथे विचार करावयाचा आहे. (आपल्याकडील बी.टेक. या अभियांत्रिकी पदवीशी हिचा काही संबंध नाही.)

हॅझलग्रेव्ह समितीच्या १९६९ च्या अहवालानंतर तंत्रज्ञ-शिक्षण व व्यवसाय-शिक्षण यांसाठी दोन स्वतंत्र परिषदा निघाल्या. १९८३ मध्ये त्या एकत्र झाल्या आणि त्या संयुक्त परिषदेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. प्रारंभी रोजगाराकडे तोंड असलेली ही पात्रता क्रमाने विद्यापीठप्रवेशाचे साधन बनली. १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निक संस्थांना विद्यापीठ होण्याची मुभा मिळाल्यावर ही वाट अधिक रुंद झाली. तिच्यातील सर्वांत मोठी, म्हणजे विस्तारित पदविका १०८० अध्यापन-तासांची असून ती तीन ए-लेव्हल विषयांच्या बरोबरीची धरली जाते. २०१७ च्या प्रवेशापासून लागू झालेल्या गुणभारानुसार तिच्यातील तीन ‘डिस्टिंक्शन’ना १४४ गुण मिळतात, ए-लेव्हलच्या तीन ‘ए’ श्रेणींनाही तेवढेच मिळतात. गणिताचा आग्रह धरणाऱ्या अर्थशास्त्राच्या पदव्यांसाठी ती पुरेशी होत नाही, हे खरे. परंतु व्यवस्थापन, विपणन, लेखाशास्त्र यांच्या अनेक अभ्यासक्रमांची दारे तिने उघडतात.

आता तिच्या अंतरंगाकडे वळू. २०१६ पासून शिकविल्या गेलेल्या आराखड्यातील पहिल्याच घटकात विद्यार्थ्याने दोन भिन्न स्वरूपाच्या व्यवसायसंस्था निवडून त्यांचा अभ्यास करावयाचा असतो. संस्थांची वैशिष्ट्ये स्पष्ट केली की ‘पास’. हितसंबंधी व्यक्तींशी असलेल्या त्यांच्या नात्याचा कस लावला की ‘मेरिट’. यशाच्या कारणांचे पुराव्यानिशी मूल्यमापन केले की ‘डिस्टिंक्शन’. ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या बौद्धिक उद्दिष्टांच्या श्रेणीशी या चढणीचे जवळचे नाते दिसते. प्रत्येक निकष एका आज्ञार्थी क्रियापदावर उभा आहे. मीमांसकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही सारी विधिवाक्ये आहेत, आणि विद्यार्थ्याचे लेखन म्हणजे त्या विधींचे अनुष्ठान होय.

या योजनेचे गुण नाकारता येणार नाहीत. विद्यार्थ्यास काय अपेक्षित आहे हे आधीच ठाऊक असते. परीक्षकाच्या लहरीला वाव कमी राहतो. शिवाय तो एखाद्या ठोस संस्थेसमोर उभा राहून लिहितो. केवळ पाठ्यपुस्तक वाचून आलेल्या विद्यार्थ्याजवळ हे भांडवल असेलच असे नाही. ‘घरी बसून केलेले काम म्हणजे सोपे काम’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण या आराखड्यात वित्तासह काही घटकांना बाहेरील परीक्षाही आहे. आणि पदवीचे मूल्यमापन तरी बव्हंशी अशाच लेखनावर होत असते.

उणीव अन्यत्र आहे. मीमांसकांच्या अधिकरणात विषयानंतर लगेच संशय येतो, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतरच सिद्धान्ताकडे जाता येते. पदविकेच्या निकषांत विषय आहे, सिद्धान्तही आहे. परंतु मधला संशय विद्यार्थ्याने स्वतः उपस्थित करावा, असे कोणतेही विधिवाक्य सांगत नाही. संस्था यशस्वी आहे हे प्रश्नातच गृहीत धरलेले असते. यश कशाला म्हणावे? नफ्याला, टिकाऊपणाला की कामगारांच्या स्थितीला? हे न विचारताही यशाच्या कारणांचे मूल्यमापन करता येते. वर्णन, विश्लेषण, मूल्यमापन हे एकावर एक रचलेले मजले आहेत, अशी समजूतही त्यातून दृढ होते. वस्तुतः काय वर्णावे हे ठरविण्यासाठीच आधी प्रश्न लागतो. उत्तम गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या निबंधावर ‘लेखन वर्णनात्मक आहे’ असा शेरा पडतो, तेव्हा त्याला तो अन्याय वाटतो. त्याने प्रत्येक आज्ञा पाळलेली असते. येथे आज्ञाच नव्हती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या मार्गाने आलेल्यांत पदवी अर्धवट सोडण्याचे प्रमाण ए-लेव्हलवाल्यांहून अधिक आढळते; तथापि त्यांतील बहुसंख्य पदवी पूर्ण करतात, हेही तितकेच खरे. पूर्वीचे गुण, घरची परिस्थिती, पोटासाठी करावे लागणारे काम ही कारणे लेखनपद्धतीहून लहान नाहीत. त्यामुळे सारा दोष पदविकेच्या माथी मारणे अशास्त्रीय होईल. किंबहुना दोषाचा एक वाटा विद्यापीठाचाच आहे. विद्यार्थ्याचे १४४ गुण ते मान्य करते, पण ते गुण ज्या लेखनाने मिळाले ते लेखन वाचीत नाही. पहिल्या सत्रात त्याच दोन संस्थांवरील जुना निबंध हाती घेऊन त्यात पूर्वपक्ष लिहावयास लावला, तर पदविकेचे भांडवल वाया न जाता कामी येईल.

ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश शासनाने अशा पदविकांच्या जागी ‘व्ही-लेव्हल’ ही नवी पात्रता आणण्याचे योजिले आहे. नाव बदलेल, गुणभारही बदलेल. निकषांची क्रियापदे तीच राहिली तर उंबरठाही तेवढाच उंच राहील. आपल्याकडेही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ३० तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक देऊन व्यावसायिक व विद्याविषयक शिक्षण एकाच मापाने मोजण्याचे ठरविले आहे. हे माप न्याय्य आहे. परंतु तासांच्या बेरजेतून संशय घेण्याची सवय निष्पन्न होत नाही. ती लावण्याचे काम, विद्यार्थी कोणत्याही वाटेने आलेला असो, अखेर विद्यापीठातील अध्यापकासच करावे लागेल.