सरोवराचा गाळ आणि सिंधू संस्कृतीचा अस्त

राजस्थानातील खाऱ्या सरोवरांच्या गाळात सापडलेल्या परागकणांवरून गुरदीप सिंह यांनी १९७१ साली असा सिद्धान्त मांडला, की सिंधू संस्कृती पर्जन्यवृद्धीने बहरली व अवर्षणाने लयास गेली. गाळातून गतकालीन हवामान वाचण्याची वाट भारतात रुळविण्याचे श्रेय या संशोधनास दिलेच पाहिजे. परंतु कालगणनेच्या कसोटीवर हा सिद्धान्त डळमळतो. १९९९ साली एन्झेल प्रभृतींनी दाखविले, की लूणकरणसरचे सरोवर इ. स. पू. ३५०० च्या सुमारासच आटले होते. नगरांचा उत्कर्षकाळ तर इ. स. पू. २६०० ते १९०० हा होय. जे पाणी नगरे वसण्यापूर्वीच नाहीसे झाले, त्याच्या बळावर ती बहरली असे कसे म्हणावे?

उलटपक्षी, हरियाणातील कोटला दहर येथील गाळात मिळालेल्या गोगलगायींच्या शंखांतील ऑक्सिजन-समस्थानिकांवरून, सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचा निष्कर्ष २०१४ साली काढण्यात आला. तेव्हा हवामानाचा संबंध सर्वस्वी नाकारता येत नाही. तथापि समकालीनत्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. गाळ पाण्याची कथा सांगतो. नगरे का ओस पडली, याचे उत्तर त्याला उत्खननाची जोड दिल्यावाचून मिळणार नाही.