माहितीचा गंध आणि निर्णय

झेरॉक्स पार्कमधल्या पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९९ साली एक सिद्धान्त सविस्तर मांडला. जनावर चारा शोधतं, तसा माणूस माहिती शोधतो. दुव्यावरच्या शब्दांवरून आत काय असेल याचा तो 'गंध' घेतो. गंध विरला की पान सोडून पुढे जातो. वर्णन म्हणून हे बरंचसं खरं आहे. बोट कुठे पडेल हे त्यातून कळतं, म्हणून वेबसाइट रचणाऱ्यांना ते उपयोगीही पडलं.

आमची हरकत पुढे आहे. 'मेथीने साखर उतरते का?' असं आपण फोनला विचारतो. मग 'मेथी' आणि 'उतरते' हेच शब्द मिरवणाऱ्या पानांचा गंध आपल्याला तीव्र येतो. 'औषध परस्पर बंद करू नका' म्हणणारं पान तसंच राहतं. निकस चारा जनावराच्या अंगावर दिसतो. चुकीच्या माहितीनं मात्र मन खऱ्याइतकंच भरतं!

न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत संशय वेगळा आणि निर्णय वेगळा. पक्ष-प्रतिपक्ष दोन्ही तपासून जे ठरतं, तो निर्णय. इथे तर प्रतिपक्ष वाटेत भेटलाच नाही. म्हणजे संशय फिटला नाही, नुसता निवला.

तेव्हा 'किती लवकर सापडलं' एवढंच मोजून भागत नाही. आणि आपणही गोळी सोडण्याआधी दुसरा प्रश्न टाइप करून बघू या: 'मेथीवर विसंबून औषध सोडलं तर काय होतं?'