‘फुकट’ कुणाला? : एनएचएसच्या गोष्टींत न दिसणारा पेशंट

ब्रिटिश माणूस स्वतःच्या देशाची यथेच्छ टिंगल करतो, पण एनएचएसचा विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात डॅनी बॉइलने मैदानभर हॉस्पिटलच्या खाटा मांडल्या आणि त्यांच्याभोवती नर्सेस नाचवल्या. जगाला काय दाखवायचं, तर आमची सरकारी आरोग्यसेवा. आजाऱ्याकडे उपचाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत, या तत्त्वावर ती ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे.

ॲडम के यांचं ‘धिस इज गोइंग टू हर्ट’ हे पुस्तक (२०१७) आणि त्यावरची बीबीसीची सात भागांची मालिका (२०२२) याच अभिमानातून आणि त्याच्या पोटातल्या संतापातून आली आहेत. प्रसूती विभागातल्या ज्युनिअर डॉक्टरची ही डायरी. ड्यूटी संपत नाही, झोप नाही, घरचं नातं विस्कटत चाललंय आणि तरी विनोद सुटत नाही. मालिकेत बेन व्हिशॉ मध्येच कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलतो, आपण हसतो आणि मग कशाला हसलो ते कळून गप्प होतो. श्रुती या तरुण डॉक्टरचा शेवट तर मी एका बैठकीत बघू शकले नाही. अंबिका मॉडने ती भूमिका इतकी आतून केलीय की तिचं थकणं आधी खांद्यांत दिसतं, शब्दांत नंतर येतं.

पण ही मालिका मी पाहिली तेव्हा वर्क व्हिसावर इंग्लंडमध्ये राहत होते. डॉक्टरांच्या बाजूने सांगितलेली ती गोष्ट मी वेटिंग रूममधल्या खुर्चीवरून बघत होते. आणि तिथून एक प्रश्न सुटेना: यात मी कुठे आहे?

सावळा चेहरा मालिकेत आहे, पण स्क्रब्जमध्ये. स्थलांतरितांच्या घरातली मुलगी डॉक्टर होते, सेवा चालवते, सेवेखाली चिरडली जाते. हे खरंच घडतं आणि दाखवायलाच हवं. मात्र दोन-तीन वर्षांच्या व्हिसावर आलेला, आज इथे तर उद्या कुठे हे माहीत नसलेला माणूस जेव्हा खाटेवर असतो, तेव्हा त्याचं काय होतं, हा प्रश्न गोष्टीच्या मध्याशी येत नाही. कथानक फिरतं ते एका चुकलेल्या निर्णयावर आणि त्यानंतरच्या तक्रारीवर. मला अडकवलं ते या तक्रारीने. तक्रार करायला ती सेवा आपली वाटावी लागते. तात्पुरता माणूस तक्रार करत नाही, तो ‘थँक यू, सॉरी’ म्हणून बाहेर पडतो.

मालिकेला एक सवलत द्यायला हवी. तिचा काळ २००६चा आहे. आमच्यासारख्यांना लागू असलेला इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज आला २०१५ साली. सुरुवातीला वर्षाला २०० पाउंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ आहे. मुलांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६. हे पैसे दर महिन्याला कापत नाहीत, व्हिसाच्या अर्जाबरोबरच सगळ्या वर्षांचे एकदम भरायचे. नवरा, बायको, एक मूल, तीन वर्षं : ८,५३८ पाउंड. अजून विमानात बसलेलो नसतो, साधी सर्दीही झालेली नसते. शिवाय पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स इतरांसारखाच जातो. हेल्थ अँड केअर व्हिसावरच्या डॉक्टर-नर्सना मात्र हा सरचार्ज माफ आहे. म्हणजे परक्या माणसाने सेवा दिली तर सूट, सेवा घेण्याची शक्यता असेल तर आगाऊ वसुली.

आणि तरी कँटीनमध्ये कुणीतरी सहज म्हणतं, “तुम्हाला इथे सगळं फुकटच ना?” त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याने पाहिलेल्या कुठल्याच गोष्टीत ही पावती नसते, इतकंच.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे वेळ. स्पेशालिस्टकडचे उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असं एनएचएसचं उद्दिष्ट आहे आणि कित्येकांना त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं. इथे जन्म काढणाऱ्याला तो आयुष्यातला एक वैतागवाणा काळ. दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्याला त्याच्या तिथल्या आयुष्याचा मोठा तुकडा. म्हणून ओळखीतले कित्येकजण दात, डोळे, एमआरआय सगळं दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला उरकून येतात. सरचार्ज भरलेला असतो, बिल घरी भरतात. या विनोदावर एखादा अख्खा एपिसोड व्हायला हरकत नव्हती.

उलट्या टोकाला आहे स्टीफन फ्रिअर्सचा ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’ (२००२). स्टीव्हन नाइटने लिहिलेल्या या सिनेमात नायजेरियातला डॉक्टर ओक्वे लंडनमध्ये दिवसा टॅक्सी चालवतो, रात्री हॉटेलच्या काउंटरवर बसतो. त्याच हॉटेलात किडनीच्या बदल्यात पासपोर्ट मिळतात. हॉस्पिटलच्या दारात जायची सोय नसलेल्यांवर ओक्वे चोरून उपचार करतो आणि त्यासाठीची औषधं शवागारात काम करणारा मित्र गुपचूप आणून देतो. च्युवेटेल एजिओफोरचा संयमी, जागरणाने सुजलेला चेहरा सिनेमाला मेलोड्रामा होऊ देत नाही. शेवटाकडचा थ्रिलर मला जरा जास्तच सफाईदार वाटला, पण एक गोष्ट तो अचूक पकडतो : शहर ज्यांच्या शरीरावर चालतं, त्यांची शरीरं आजारी पडतात हे शहराला माहीतच नसतं.

या दोन टोकांच्या मध्ये, कागद चोख, पैसे भरलेले आणि तरी पाहुणा, अशा माणसाची गोष्ट राहून जाते. आपल्या बाजूनेही ती कमीच सांगितली गेली. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’पासून हेमंत ढोमेच्या ‘झिम्मा’पर्यंत (२०२१) आपण विलायत पाहिली ती मुख्यतः प्रवाशाच्या डोळ्यांनी. प्रवासी आजारी पडला तर तो किस्सा होतो. भाडेकरू आजारी पडला तर त्याचा भाडेकरार, नोकरी, व्हिसा सगळंच आजारी पडतं.

एनएचएसचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांना हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. परक्यांनी फुकट उपचार का घ्यावेत? १९५२च्या ‘इन प्लेस ऑफ फिअर’मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर मला भावनिक आवाहनापेक्षा पटतं, कारण ते सिस्टिम कशी चालते याचा विचार करतं. परका ओळखायचा तर आपण परके नाही याचा पुरावा प्रत्येक नागरिकालाच बरोबर बाळगावा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. दारावर पहारा बसवला की तो सगळ्यांसाठीच बसतो.

हे वाचताना मला मुंबईतल्या केईएमची ओपीडी आठवली, आणि “बाहेरच्यांनीच गर्दी केलीय” हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्यही. तेच वाक्य इंग्रजीत आपल्याबद्दल बोललं जातं तेव्हा कसं लागतं, हे लिहायला मराठी लेखकाइतकी मोक्याची जागा फार थोड्यांकडे असेल. दोन्ही रांगा त्याच्या ओळखीच्या आहेत. तोपर्यंत ‘धिस इज गोइंग टू हर्ट’ जरूर बघा, त्यातल्या डॉक्टरांसाठी बघा. फक्त अधूनमधून कॅमेरा सोडून मागच्या खुर्च्यांकडे बघत राहा.