भिडेखातर दिलेली दाद

हौशी माणसाने आपली कृती पुढे ठेवावी आणि आपण भिडेखातर ‘छान आहे’ म्हणून मोकळे व्हावे, हा प्रकार परप्रांतातील मराठी मंडळींना नवा नाही. आपण मूठभर माणसे. पुढल्या गणेशोत्सवात त्याच सतरंजीवर एकमेकांशेजारी बसायचे असते. हे पाप मीही केलेले आहे. आमच्या मंडळातील एका तरुण इंजिनिअरने बासरी, व्हायोलिने, क्लॅरिओनेट आणि ट्रंपेट यांसाठी केलेली वाद्यवृंदरचना ऐकून मी त्याची पाठ थोपटली आणि चहाकडे वळलो. तेव्हापासून पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातील दोन निवाडे मला वारंवार आठवतात.

पहिला १८७२ मधला. फ्रीड्रिख नीत्शे तेव्हा बाझल येथे प्राध्यापक होता, वय सत्तावीस. बायरनच्या ‘मॅन्फ्रेड’वरून त्याने पियानोवर दोघांनी मिळून वाजवायची एक रचना केली. याच काव्यावरील शूमानचा संगीत-पूर्वरंग त्याला गुळमट वाटे. त्याला दिलेला हा जबाब होता. ती त्याने हान्स फोन ब्यूलोकडे धाडली. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’चा पहिला प्रयोग १८६५ साली ज्याने संचालित केला, तोच हा ब्यूलो. चारच दिवसांत उत्तर आले. ही थट्टा तर नव्हे ना, येथपासून आरंभ करून ब्यूलोने त्या रचनेला संगीतदेवतेवरील अत्याचार ठरविले. ही संभावना नीत्शेने पुढे ‘एक्के होमो’त स्वतःच सांगितली आहे, हा त्याचा मोठेपणा.

पत्र प्रामाणिक होते, यात शंका नाही. परंतु वाचताना वाटते की, त्यातील बराचसा भाग ब्यूलोच्या स्वतःच्या वाक्चातुर्यापायी खर्ची पडला. कामाचा असा सल्ला त्यात एकच: लिहावेच वाटले तर गेय संगीत लिहा, म्हणजे शब्द सुकाणू धरतील. तीन महिन्यांनी नीत्शेने आभार मानले. त्यानंतर त्याने संगीत फारसे लिहिले नाही; आणि १८८७ मध्ये त्याच्या नावाने जी रचना छापून निघाली, ती शब्दांवरच उभी होती. काव्य लू सालोमेचे, वाद्यवृंदाची मांडणी पेटर गास्टची! शेलक्या शब्दांच्या त्या ढिगाऱ्यात एक वाक्य खरे उतरले, असेच म्हणावयाचे.

दुसरा निवाडा एका पत्राचा नव्हे, पाच वर्षांचा. अलेक्झांडर बोरोदिन हा पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत रसायनशास्त्राचा अध्यापक. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी यांतून वेळ उरे तो आजारपणात. म्हणून माझे संगीतातले मित्र माझे आरोग्य नव्हे, आजारपण चिंतितात, असे तो गमतीने लिही. १८६२ मध्ये बालाकिरेव्हशी त्याची गाठ पडली आणि पहिल्या सिंफनीला हात लागला. बालाकिरेव्हने तिचा प्रत्येक स्वरखंड तपासला, पियानोवर वाजवून पाहिला, त्यावर वाद घातला. १८६८ मध्ये तालीम झाली, तर नकलून काढलेल्या वाद्यपत्रिकांत इतक्या चुका की वादकांची त्रेधा उडाली. त्या दुरुस्त झाल्या. १८६९ मध्ये बालाकिरेव्हनेच ती रसिकांपुढे सादर केली. ज्या कृतीवर इतके टाके घातले, ती स्वतःच्या हाताने वाजवून दाखविण्याची जोखीम या टीकाकाराने पत्करली. ब्यूलोने ‘मॅन्फ्रेड’बाबत असले काही अंगावर घेतले नव्हते, त्याने टपालहशील तेवढे खर्च केले!

या पद्धतीतही विष होते. रिम्स्की-कोर्साकोव्ह हाही बालाकिरेव्हचाच शिष्य, पेशाने नौदलाचा अधिकारी. शिष्याची अभिरुची गुरूच्या अभिरुचीशी तंतोतंत जुळावी असा बालाकिरेव्हचा हट्ट असे, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. असा टीकाकार दुसऱ्याच्या कृतीत आपलीच कृती लिहू पाहतो. बोरोदिन त्यातून वाचला, याचे श्रेय मी त्याच्या निबर स्वभावाला देतो; रसायनशास्त्रज्ञाला दुसऱ्याचे मत पुन्हा स्वतः पडताळून पाहण्याची सवय असते. १८७७ मध्ये तो वायमारला लिस्टकडे गेला आणि आपल्या रचनेतील दोषांचा पाढा वाचू लागला, तेव्हा लिस्टने त्याला एकही स्वर बदलू नकोस म्हणून बजावले. तोही निवाडाच होता. कोठे थांबावे हे सांगणारा.

आता आमच्या इंजिनिअरकडे वळतो. त्याची बासरी सारा वेळ खालच्या सप्तकात होती आणि त्याच वेळी ट्रंपेट पूर्ण जोरात वाजत होता; बासरीचा तो स्वर मुळातच क्षीण, तिसऱ्या रांगेतही तो पोचला नाही. क्लॅरिओनेटवाल्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. व्हायोलिने आरंभापासून अखेरपर्यंत एकाच स्वरपंक्तीत बांधलेली. मध्ये मात्र ट्रंपेट थांबल्यावर आठ-दहा मात्रांपुरती दोन व्हायोलिने एकमेकांना उत्तर देऊ लागली होती, आणि तेवढ्यात मागे कुजबुजणारी मुलेसुद्धा गप्प झाली होती. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती. दोन वर्षांनी त्याची बदली झाली. निरोपसमारंभात तो म्हणाला, ‘तुम्हांला माझी रचना आवडली होती, नाही का?’ मी ‘हो’ म्हणालो.